आवाजाची जागा

आजच्या विषयाची सुरुवात आम्ही मुंबईच्या एखाद्या मोठ्या स्टुडिओपासून करणार होतो. परंतु गेल्या चैत्रात चंदनसारच्याच एका मांडवात जे पाहिले ते विषयाला इतके धरून आहे, की दुसरीकडे जाण्याचे कारण उरले नाही. व्याख्यान होते. वक्ते मधोमध उभे, आणि मांडवाच्या दोन खांबांना दोन कर्णे बांधलेले. आम्ही डावीकडे चौथ्या रांगेत बसलो होतो. आमच्या पुढे एक वृद्ध गृहस्थ होते. पहिली पाच मिनिटे त्यांनी वक्त्याकडे पाहिले. नंतर डोळे मिटले, आणि हळूहळू त्यांचे तोंड आपोआप डावीकडच्या कर्ण्याकडे वळले. पुढचा तासभर ते त्या कर्ण्याचेच व्याख्यान ऐकत होते! उजवीकडे पाहिले तर तिकडची मंडळी उजवीकडे कललेली. समोर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज समोरून येतो आहे असे त्या साऱ्या मांडवात कोणालाच वाटत नव्हते. मधल्या वाटेवर खेळत बसलेल्या दोन पोरांना काय तो वाटत असेल.

यात त्या गृहस्थांचा दोष नाही आणि कर्णेवाल्याचाही नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. जवळचा कर्णा लांबच्यापेक्षा सात मीटर अलीकडे असला, तर त्याचा आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका आधी पोचतो. एवढ्या अंतराने आलेले दोन आवाज कानाला दोन म्हणून कळतच नाहीत. तो त्यांचा एक आवाज करतो, आणि जो आधी आला त्याच्या पदरात सगळ्याचे मालकपण टाकतो. जर्मनीतील हेल्मुट हास याने १९४९ साली हे मोजून मांडले. सिनेमातील आवाजाच्या साऱ्या इतिहासाच्या बुडाशी हीच गोष्ट आहे: आवाज कोठून आला म्हणायचे, हे कान ठरवतो, आणि कानाला फसवता येते. मिक्सिंग करणाऱ्याचा धंदा त्या फसवणुकीचा. प्रामाणिक फसवणुकीचा, असे आम्ही म्हणू.

हास याच्याही आधी हा मांडव एका इंग्रज इंजिनियराला खटकला होता. ॲलन ब्लूमलाइन हे त्याचे नाव. १९३१ साली तो पत्नीसह बोलपट पाहायला गेला असता, नट पडद्याच्या एका बाजूला चालत गेला तरी त्याचा आवाज होता तेथूनच येत राहिला. यावर आपल्याला उपाय सापडला आहे, असे त्याने तेथेच पत्नीला सांगितले, अशी कथा आहे. कथा खरी असो की रचलेली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने जो पेटंटचा अर्ज केला त्यात आजच्या स्टिरिओचा बहुतेक सगळा पाया आहे. आणि १९३५ साली त्याने आपल्या युक्तीचे काही प्रयोगपट काढले, त्यातला एक कशाचा असावा? लंडनजवळच्या हेज स्थानकातून ये-जा करणाऱ्या आगगाड्यांचा! गाडी एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूला जाते, आणि आवाज तिच्याबरोबर जातो. १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून ब्लूमलाइन गेला. सिनेमाला त्याचे काम कळायला पुढे बराच काळ लागला.

त्याच १९३१ साली आपल्या मुंबईत काय चालले होते? ग्रँट रोडच्या केनेडी ब्रिजजवळ इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे अर्देशीर इराणी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट घेत होते. ध्वनियंत्राबरोबर आलेल्या विल्फर्ड डेमिंग या परदेशी तज्ज्ञाकडून इराणींनी ती विद्या थोड्या दिवसांत उचलली. यंत्र असे, की चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरावयाचे. मागाहून आवाज जोडण्याची सोय नाही, पुसण्याची तर नाहीच. आणि स्टुडिओच्या अंगावरून रेल्वेचा रूळ! म्हणून काम रात्री, गाड्या थांबल्यावर, एक ते चारच्या सुमारास चाले. वाजवणारे लोक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी लपवलेले, मायक्रोफोनही लपवलेला, आणि पहिली गाडी सुटण्याच्या आत प्रसंग पुरा करावयाचा.

आमच्या विरारकरांना या गोष्टीत एक घरगुती गंमत दिसेल. तो रूळ बी. बी. सी. आय. चा, म्हणजे आपलाच. १८६७ साली विरारहून बॅकबेला जाणारी पहिली स्थानिक गाडी याच मार्गावर सुरू झाली. भारतातला पहिला बोलपट ज्या गाड्यांना भिऊन रात्री जागत होता, त्या या वाटेच्या गाड्या. एकीकडे ब्लूमलाइन गाडीच्या आवाजामागे धावतो आहे, दुसरीकडे इराणी त्याच आवाजापासून पळत आहेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एकाला आवाजाची दिशा हवी होती. दुसऱ्याला आधी नुसता शब्द ऐकू यायला हवा होता. पुढची चाळीस वर्षे आपला सिनेमा दुसऱ्याच्या वाटेने गेला, आणि त्यात त्याचे नुकसान झाले असे आम्हांला वाटत नाही.

का वाटत नाही, ते प्रभातकडे पाहिले म्हणजे कळते. १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या या कंपनीने १९३२ च्या फेब्रुवारीत 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट मॅजेस्टिकच्या पडद्यावर आणला. कंपनीच्या मालकांपैकी विष्णुपंत दामले यांनी ध्वनिलेखनाचे खाते आपल्याकडे घेतले होते. दामले मूळचे चित्रकलेतले, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. पडदे रंगवणारा माणूस ध्वनियंत्राशी बसला, ही गोष्ट आमच्या मते योगायोगाची नव्हे. पडदा रंगवणाऱ्याला सपाट कापडावर लांबचा डोंगर आणि जवळचे झाड दाखवावे लागते. दामल्यांच्या पुढे एकच वाट होती, एकच कर्णा, पडद्यामागे मधोमध. त्या एका वाटेत डावे-उजवे नाही. पण जवळचे आणि लांबचे आहे! माइक तोंडापाशी आणला तर माणूस आपल्या कानाशी बोलतो. हातभर मागे नेला तर खोली बोलायला लागते. आणखी मागे नेला तर माणूस ओसरीवर जातो. रुंदी नसली तरी खोली आहे. एकवाटी आवाजात काम केलेल्या लोकांनी ही खोली इतकी वापरली, की आजच्या डझनभर वाटांच्या कामात ती पुष्कळदा सापडत नाही.

१९३७ चा 'कुंकू' पाहा. तोवर प्रभात पुण्यात येऊन चार वर्षे झाली होती. शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत घातलेच नाही. जे वाजते ते प्रसंगातच कोठेतरी वाजत असते: ग्रामोफोन, घरातल्या वस्तू, रस्ता. आणि ते घड्याळ! म्हाताऱ्या वकिलाच्या घरात भिंतीवरचे घड्याळ आहे, आणि त्याची टिकटिक म्हणजे त्या घरातले वय आहे. संगीताने जे काम फुकट करून दिले असते ते येथे एका लोलकाला करावे लागते, आणि तो ते करतो. पाहणाऱ्याला घड्याळ डावीकडच्या भिंतीवर आहे की उजवीकडच्या, याचा आवाजातून पत्ता लागत नाही. पण ते नीरेपासून किती जवळ आहे याचा लागतो. नव्या मुलांना मिक्सिंग शिकवायचे असेल तर आम्ही त्यांना प्रथम सहा वाटांच्या टेबलाशी बसवणार नाही. 'कुंकू' दाखवू, तोही डोळे मिटून.

मिक्सिंग हा शब्द आम्ही सहज वापरला, पण 'आलम आरा'च्या काळी ही गोष्ट नव्हतीच. आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेऊन मागाहून एकत्र करता येऊ लागले, तेव्हा ती जन्मली. संवादाची एक पट्टी, संगीताची दुसरी, पावले-दारे-पाऊस यांची तिसरी. या सर्व चित्राबरोबर एकाच वेळी चालवायच्या, आणि टेबलाशी बसलेल्या माणसाने हातातल्या खुंट्यांनी प्रत्येकीला कमी-जास्त करीत एका पट्टीत उतरवायच्या. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. मागेपुढे नेऊन मधूनच दुरुस्ती करण्याची यंत्रे येण्यापूर्वी ते सबंध अकरा मिनिटांचे रीळ एका दमात पुरे करावे लागे. दहाव्या मिनिटाला हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून! मैफलीत बसलेल्या गवयासारखेच ते. तालमी हव्या तेवढ्या करा, पण गाणे एकदाच. आणि एवढे करून जे तयार होई ते चित्राशेजारच्या प्रकाशपट्टीवर छापले जाई. तिच्या अरुंद दारातून वरचे तीव्र स्वर बाहेर पडतच नसत, शिवाय चित्रपटगृहातील कर्णे ते आणखी मंद करीत. त्यामुळे काय गाळायचे हे मिक्सिंग करणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागे.

या कामातले मुंबईतले मोठे नाव म्हणजे मंगेश देसाई. शांतारामबापूंनी प्रभात सोडून १९४२ साली परळला राजकमल कलामंदिर काढले. त्या राजकमलच्या मिक्सिंगच्या खोलीत देसाई बसत. सत्यजित राय यांच्यासारखा, पार्श्वसंगीताचा प्रत्येक सूर स्वतः लिहिणारा दिग्दर्शक कलकत्त्याहून आपले चित्रपट त्यांच्याकडे मिक्सिंगला आणी, एवढे सांगितले तरी पुरे. प्रेक्षकाला देसायांचे नाव ठाऊक नसे. नटाचे नाव ठाऊक, गायिकेचे ठाऊक, एकाद्या वेळी कॅमेरामनचेही ठाऊक. पण ज्या माणसाने ठरवले की या क्षणी तानपुरा ऐकू यावा आणि पाऊस ऐकू येऊ नये, त्याचे नाव पाट्यांच्या गर्दीत निघून जाई. अजूनही जाते. असो.

इकडे आपण एका वाटेची खोली मोजीत असता तिकडे अमेरिकेत रुंदीचे वेड लागले होते. डिस्नेने १९४० साली 'फँटेसिया'साठी पडद्यामागे तीन वाटांचा आवाज उभा केला. त्याची यंत्रसामग्री इतकी अवजड आणि महाग, की थोड्याच ठिकाणी ती लागली आणि मग आवरली गेली. खरा रेटा आला तो दूरचित्रवाणीच्या भीतीने. लोक घरात बसू लागले, त्यांना बाहेर काढायचे तर घरात न मिळणारे काही द्यायला हवे! १९५२ चे सिनेरामा, १९५३ चा 'द रोब' आणि सिनेमास्कोप, १९५५ चा सत्तर मिलिमीटरवरचा 'ओक्लाहोमा', ही सारी त्या भीतीची अपत्ये. 'द रोब'च्या प्रतीवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या: तीन पडद्यामागच्या, आणि चौथी प्रेक्षकांच्या भोवतीच्या भिंतींवरची. या चौथ्या वाटेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती पट्टी अतिशय अरुंद, त्यामुळे तिच्यावर काही नसतानाही ती सतत सूं-सूं करी. मग तोड काय काढावी? बारा हजार कंपनांचा एक तीव्र स्वर त्या पट्टीवर नोंदवायचा. तो असेल तोवरच भोवतालचे कर्णे उघडायचे, तो थांबला की बंद. म्हणजे भिंतींना केव्हा बोलायचे याबरोबर केव्हा गप्प बसायचे हेही फिल्मवर नोंदवून ठेवावे लागले. पुष्कळ वाटा मिळाल्यावर माणसाला पहिले कोणते शिक्षण मिळाले, तर ते हे.

दुसरे शिक्षण तीन वाटांचे. घरच्या स्टिरिओला दोन कर्णे पुरतात, मग पडद्यामागे तिसरा मधला कशाला? उत्तर आपल्या मांडवात आहे. घरी ऐकणारा एक. तो दोघांच्या बरोबर मध्ये बसला तर दोन्हीकडून सारखा आलेला आवाज त्याला हवेत मधोमध टांगलेला भासतो. पण सहाशे माणसांच्या चित्रपटगृहात अशी मधली रांग किती जणांची? बाकीच्यांना नायिकेचा आवाज जवळच्या कर्ण्यातच पडलेला ऐकू येणार, चंदनसारच्या त्या गृहस्थांसारखा. म्हणून संवादाला मध्ये स्वतःचा, खरा, लाकडा-लोखंडाचा कर्णा दिला गेला आणि तो आजतागायत हललेला नाही. सुरुवातीच्या सिनेमास्कोपमध्ये नट चालेल तसा संवादही पडद्यावर इकडून तिकडे चालवीत. कापणी झाली की दर दोन वाक्यांनी आवाज उडी मारी! लोकांना ते सोसेना, आणि संवाद मध्ये येऊन बसला.

आपल्याकडे सत्तर मिलिमीटर १९६७ च्या 'अराउंड द वर्ल्ड'ने आले. परंतु सर्वसाधारण माणसाच्या कानात स्टिरिओ शिरला तो १९७५ च्या १५ ऑगस्टला निघालेल्या 'शोले'ने. चित्रण पस्तीस मिलिमीटरवर. सत्तरच्या प्रती लंडनमध्ये काढलेल्या, सहा पट्ट्यांच्या आवाजासह. मुंबईतील पहिल्या खेळाला त्या प्रती जकातीतून वेळेवर सुटल्या नाहीत आणि पाहुण्यांना पस्तीसची प्रत पाहावी लागली! मिक्सिंग मंगेश देसायांचे. एका वाटेच्या पट्टीवर आयुष्य काढलेला माणूस सहा वाटांपुढे बसला तेव्हा त्याने काय केले? धुडगूस घालता आला असता. या चित्रपटात आगगाडीवरचा दरोडा आहे, तोही आपल्या मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ घेतलेला. घोडे आहेत, गोळ्या आहेत. तेथे आवाज पसरतोही. पण लोकांच्या आठवणीत राहिले ते काय? उडवलेले नाणे, खडकावरून फरफटत जाणारा पट्टा, आणि ठाकुरच्या घरातील हत्येनंतर रिकामा झोपाळा कुरकुरतो ते. मिनर्व्हात नाणे पडले की लोक खुर्चीखाली वाकून पाहत, असे त्या काळचे प्रेक्षक सांगतात. झोपाळ्यापाशी मात्र कोणी वाकत नसे. तो आवाज कोणत्या कर्ण्यातून आला हे कोणाला आठवतही नाही. तो 'कुंकू'च्या घड्याळाचा भाऊ आहे.

आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. मिनर्व्हासारखी सहा पट्ट्यांची सोय मोजक्या शहरांत. तालुक्याच्या गावी, तंबूत, 'शोले' पाहिला गेला तो एकाच कर्ण्यातून. तरी तेथेही तो तितकाच चालला. जे मिक्सिंग सहा वाटांत उभे राहते आणि एका वाटेत आणले तरी मोडत नाही, ते पक्के मिक्सिंग. आजही जाणते लोक काम झाल्यावर सगळ्या वाटा एकत्र करून एकदा ऐकतात. त्यात कधी कधी मोठी फजिती उघडी पडते: डावी-उजवीकडे रुंद करण्यासाठी उलटसुलट केलेला आवाज एकत्र येताच एकमेकांना खाऊन टाकतो, आणि सतार होती तेथे काहीच उरत नाही.

चुंबकीय प्रती महाग आणि लवकर झिजणाऱ्या. त्यामुळे 'शोले'नंतर आपल्याकडे स्टिरिओचा पूर आला नाही. तिकडे डॉल्बी कंपनीने सत्तरीच्या मध्यास चार वाटा गुंडाळून साध्या प्रकाशपट्टीच्या दोन रेघांत बसवल्या, आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ते जगभर नेले. गुंडाळलेले उलगडताना मधला संवाद थोडासा भिंतींवरच्या कर्ण्यांत सांडे. त्यावर केलेली युक्ती आम्हांला फार आवडते: भिंतींचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडायचा. पडद्याचा आधी पोचतो, आणि कान त्यालाच मालक ठरवतो. मांडवात ज्या खोडीने आपल्याला फसवले, तीच येथे कामाला जुंपली. हिंदीत या पद्धतीचा बोलबाला झाला तो '१९४२: अ लव्ह स्टोरी'पासून, म्हणजे १९९४ पासून. मग १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'ने सुरू केलेला अंकीय आवाज आला: पुढे तीन, मागे-बाजूला दोन, आणि खर्जासाठी एक वेगळी वाट. २०१२ पासून छतालाही कर्णे लागले. आता आवाज वाटेला न बांधता थेट हवेतल्या एका बिंदूला बांधता येतो.

हे शिकण्याची मोठी शाळा पुण्यात आहे, आणि तिची जागा पाहण्यासारखी आहे. प्रभात १९५३ साली बंद पडली. तिच्याच आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. ज्या आवारात दामले माइक मागेपुढे करीत होते, त्याच आवारात मुले ध्वनिलेखन शिकली. रसूल पूकुट्टी हे त्यांतलेच. २००९ साली 'स्लमडॉग मिलिओनेर'च्या मिक्सिंगसाठी त्यांना दोघा सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. मराठीतील अलीकडचे एक नाव घ्यावयाचे तर 'ख्वाडा'चे. माळरानावर, मेंढरांत, प्रत्यक्ष चित्रणाच्या जागी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना त्या चित्रपटासाठी मिळाला. इराणी ज्या बाहेरच्या आवाजाला भीत होते त्याला हे लोक मुद्दाम भेटायला जातात.

याच पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मांच्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या मूळ पट्ट्याही तीत गेल्या. चित्रे इतर प्रतींवरून आपल्यापाशी आहेत. पण आवाजाच्या बाबतीत प्रतीची प्रत म्हणजे प्रत्येक पिढीला थोडे घासलेले नाणे. या पार्श्वभूमीवर जुन्या एकवाटी चित्रपटांना नव्या अनेक वाटांत पसरण्याची जी हौस आहे तिच्याविषयी आमचे मत बरे नाही. २००४ साली 'मुगल-ए-आझम' रंगीत होऊन आला तेव्हा गळे मूळचे ठेवून भोवतीचे वाद्यसंगीत नव्याने बांधले गेले. तेथे नौशादांसारखा मूळचा संगीतकार हयात होता आणि पाठीशी उभा होता. सर्वत्र ते भाग्य नसते. 'कुंकू'चे घड्याळ कोणी उजव्या भिंतीवर नेऊन टांगले तर शांतारामबापू तक्रार करायला येणार नाहीत.

आता आमचे स्वतःचे सांगून थांबतो. हे सारे आम्हांला आधी ठाऊक होते असे मात्र समजू नका. पुष्कळसे फजितीनंतर वाचलेले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघा-तिघा मित्रांनी चंदनसारवर वीस मिनिटांचा एक माहितीपट केला. त्यात येथल्या एका आजी आपल्या शेताविषयी बोलतात. भात होते, विहीर होती, मग इमारत आली. विहीर बुजवली त्या दिवशी आजी घरातच बसून राहिल्या होत्या. शेवटी त्या फार हळू एक वाक्य म्हणतात, की रात्री झोप लागेना म्हणून विहिरीकडे कान लावला, तर बेडूक नव्हते. त्या वाक्याआधी आम्ही रात्रीची आगगाडी घातली होती. गच्चीवर दोन माइक बांधून, पहाटे तीनला, विरारहून डहाणूकडे जाणारी मालगाडी आम्ही घेतली होती. फार सुरेख आली होती! डावीकडून येते, डोंगराचा पडसाद घेते, उजवीकडे जाते. घरच्या लहान खोलीत दोन स्पीकरांवर आम्ही ती पन्नासदा ऐकली असेल. पुढे कोणाच्या तरी ओळखीने सहा वाटांचे टेबल मिळाले तेव्हा तर गाडी भिंतींवरून मागे नेली. संवाद मात्र पुरेसा आहे असे समजून तसाच ठेवला. खोली लहान, कर्णे मोजलेले नाहीत. पुढच्या प्रत्येक कर्ण्याने प्रेक्षकाच्या जागी ८५ डेसिबल द्यावे अशा रीतीने ठरवलेल्या खोलीतच मिक्सिंग करायचे असते, हे आम्ही ऐकून होतो. पण ऐकून असणे निराळे.

पहिला खेळ एका चित्रपटगृहात सकाळी झाला. आजींना नातवाने आणले होते. गाडी आली आणि आमच्या मनासारखी सबंध सभागृहातून फिरून मागे गेली. लोकांनी माना वळवल्या, काही हसले, एकाने टाळीही दिली. आणि माना पुन्हा पुढे येईतो आजींचे वाक्य होऊन गेले होते! गाडीची शेपटी त्याच्यावर पडली होती. खेळ संपल्यावर आजींनी आम्हांला एवढेच विचारले, "बाळांनो, माझं बोलणं कुठं गेलं?"

आम्ही एका जुन्या मिक्सिंग करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. राजकमलच्या पिढीचे नव्हेत, पण त्या हाताखालच्या हाताखालचे. त्यांनी रीळ एकदा ऐकले आणि पहिले काम केले ते सगळ्या वाटा बंद करून मधली एक उघडी ठेवण्याचे. एका कर्ण्यातून त्यांनी आजी आणि गाडी एवढीच जुळवली. पाऊण तास गेला. गाडी लहान होत गेली, लांब गेली, आजींच्या पाठीमागे कोठेतरी गेली. माइक आजींच्या तोंडापासून किती दूर होता हे त्यांनी नुसते ऐकून सांगितले, आणि ते बरोबर होते. मग त्यांनी बाजूचे दोन थोडे उघडले, गाडी जरा रुंद झाली. भिंतींना त्यांनी गाडी दिलीच नाही. भिंतींवर रातकिड्यांचा एक पातळ थर ठेवला. आजी बोलायला लागण्यापूर्वी दोन सेकंद तोही काढून घेतला. आम्ही विचारले, एवढी सुंदर गाडी होती, ती मागे का नेऊ नये? ते म्हणाले, "मागे नेली की लोक मागे बघणार. तुम्हांला त्यांनी कुठं बघायला हवंय?"

दुसरा खेळ चंदनसारलाच झाला, याच मैदानावर, पांढरी चादर बांधून. सहा वाटांचा प्रश्नच नव्हता. आम्ही कर्णेवाल्याला विनंती करून दोन्ही खांबांवरचे कर्णे उतरवले आणि एकच कर्णा चादरीच्या मागे मधोमध ठेवला. आजी पुढे बसल्या होत्या. त्यांचे वाक्य आले तेव्हा मैदानात कोणी बोलत नव्हते. खऱ्या रुळावरून त्याच वेळी एक लोकल गेली. ती कोणत्या बाजूने गेली हे नंतर आम्ही आठवून पाहिले, पण आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही.